निकाल उलट्या बाजूने वाचा : राजकारण नव्याने समजून घेणाऱ्यांसाठी

राजकारण समजून घ्यायचं मनावर घेतलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी टीव्हीवरची चर्चा लावून बसतात. तासाभरात डोकं भणभणतं. सगळेच आकडे फेकत असतात, ‘जनतेचा कौल’ आपल्याच बाजूने असल्याचं सगळेच सांगत असतात, आणि ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आपल्याला काही कळत नाही. दोष ऐकणाऱ्याचा नाही. त्याने दोरा चुकीच्या टोकाकडून पकडलेला असतो.

लोकांच्या मनातलं मत सत्तेपर्यंत पोचतं ते बऱ्याच वळणांच्या वाटेने. बातम्या, गप्पा आणि रोजचा अनुभव यांतून ते बनतं. चाचणीवाले त्याला प्रश्न विचारतात. पक्ष त्याच्यापुढे मोजके उमेदवार ठेवतात. मतदानाच्या दिवशी त्यातलं काही केंद्रावर येतं, काही घरीच राहतं. आणि जे आलं ते कुठल्यातरी नियमाने मोजलं जातं. प्रत्येक वळणावर त्याचा आकार बदलतो. शिकताना ही वाट उलटी चाला, असं माझं सांगणं आहे. मोजणीपासून निघा आणि बातमीपाशी या. मोजणीचा नियम कायद्यात लिहिलेला असतो, तिथे पाय पक्का टेकतो. तिथून जसजसं मागे जाल तसतशी जमीन भुसभुशीत होत जाते, आणि मग सुरुवातीला मिळालेला तो टेकू उपयोगी पडतो.

साहित्य फार लागत नाही. एक वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि एका जुन्या निवडणुकीचा अधिकृत निकाल. निवडणूक मात्र अशी घ्या की जिच्यात तुमचा जीव अडकलेला नाही. आपल्या पक्षाचा निकाल माणूस वाचत नाही, तो त्याची वकिली करतो. दूरच्या देशातली, वीसेक वर्षांपूर्वीची निवडणूक सरावाला उत्तम.

पायरी १ : मतं कोणत्या नियमाने मोजली ते शोधा

‘ज्याला जास्त मतं तो जिंकला’ हे वाक्य अर्धवट आहे. जास्त म्हणजे कोणापेक्षा? पूर्ण देशात की एका मतदारसंघात? पहिल्या फेरीत की शेवटच्या?

हे पटण्यासाठी वहीत एक छोटं गणित मांडा. शंभर मतदार, तीन उमेदवार : क, ख आणि ग. चाळीस जणांची पसंती क, मग ग, मग ख अशी आहे. पस्तीस जणांची ख, मग ग, मग क. उरलेल्या पंचवीस जणांची ग, मग ख, मग क.

आता फक्त पहिली पसंती मोजली तर क चाळीस मतं घेऊन जिंकतो. निम्म्याहून जास्त मतं हवीतच असा नियम असेल तर सर्वांत मागे राहिलेला ग बाद होतो, त्याचे पंचवीस जण ख कडे वळतात आणि ख साठ मतं घेऊन जिंकतो. आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी समोरासमोर लढत लावली तर? ग विरुद्ध क मध्ये ग ला साठ. ग विरुद्ध ख मध्ये ग ला पासष्ट. म्हणजे ग जिंकला.

एकाही मतदाराचं मत बदललं नाही. विजेते मात्र तीन झाले. या गणितावर जरा थांबा. हवं तर आकडे बदलून पुन्हा करा. फ्रान्समध्ये कोंडोर्से नावाच्या गणितज्ञाने १७८५ मध्येच या प्रकारची कोडी मांडली होती, आणि ‘लोकांचा कौल’ नावाची एकच एक वस्तू मतपेटीत बसलेली असते या समजाला तेव्हापासून तडा गेलेला आहे.

जगात वापरात असलेले नियम ढोबळमानाने तीन घराण्यांत बसतात. पहिलं घराणं : मतदारसंघागणिक एक प्रतिनिधी, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. भारताची लोकसभा, ब्रिटनचं हाउस ऑफ कॉमन्स आणि कॅनडाच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह अशी निवडली जातात. दुसरं घराणं : विजेत्याला बहुमत हवंच. त्यासाठी फ्रान्स अध्यक्ष निवडताना दुसरी फेरी घेतो, तर ऑस्ट्रेलिया मतदाराला पसंतीक्रम लिहायला लावतो. तिसरं, म्हणजे प्रमाणशीर पद्धत : पक्षाला जेवढे टक्के मतं, साधारण तेवढे टक्के जागा. नेदरलँड्समध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या १५० जागा वाटताना अख्खा देश एकच मतदारसंघ धरतात. जर्मनी आणि न्यूझीलंड यांनी पहिल्या आणि तिसऱ्या घराण्याची सोयरीक जुळवली आहे.

तिसऱ्या घराण्यात एक उंबरठाही शोधायचा. जर्मनीत साधारणपणे पाच टक्के मतं न मिळालेल्या पक्षाला जागावाटपातून वगळतात. २०१३ मध्ये मुक्त लोकशाहीवादी पक्षाला ४.८ टक्के मतं मिळाली आणि तो संसदेबाहेर राहिला. तुर्कस्तानात हा उंबरठा दहा टक्के होता. २००२ मध्ये तिथे दोनच पक्ष तो ओलांडू शकले. परिणामी सुमारे ३४ टक्के मतं मिळालेल्या पक्षाला ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या, आणि सुमारे निम्म्या मतदारांची मतं संसदेत उमटलीच नाहीत. प्रमाणशीर पद्धत म्हणजे आपोआप न्याय, असं जे सांगतात त्यांना हा निकाल दाखवावा.

पायरी २ : दोन रकाने मांडा

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे पक्षाच्या मतांची टक्केवारी, उजवीकडे जागांची. ब्रिटनची २०२४ ची निवडणूक घेऊ. मजूर पक्ष : मतं ३३.७ टक्के, जागा ६५० पैकी ४११. लिबरल डेमोक्रॅट : मतं १२.२ टक्के, जागा ७२. रिफॉर्म यूके : मतं १४.३ टक्के, जागा ५. शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. कमी मतं मिळालेल्याला चौदा पट जागा.

कारण भूगोलात आहे. पहिल्या घराण्याच्या नियमात मतं किती यापेक्षा ती कुठे आहेत याला जास्त महत्त्व असतं. भारतात २०१४ मध्ये बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांहून थोडी जास्त मतं होती आणि लोकसभेत एकही जागा मिळाली नाही. त्याच निवडणुकीत अण्णा द्रमुकला त्याहून कमी, ३.३ टक्क्यांच्या आसपास मतं होती आणि जागा ३७. एकाची मतं अनेक मतदारसंघांत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर विखुरली, दुसऱ्याची एकाच राज्यात एकवटली.

कधीकधी हे रकाने इतके फाकतात की लोक नियमच बदलतात. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा सलग दोन निवडणुकांत कमी मतं मिळालेला पक्ष जास्त जागा घेऊन सत्तेवर आला. असंतोष साठत गेला, १९९३ मध्ये सार्वमत झालं आणि १९९६ पासून तिथे मिश्र प्रमाणशीर पद्धत आली. बहुतेक देशांत असं घडत नाही, कारण नियम बदलायचा अधिकार ज्यांच्या हाती असतो ते त्याच नियमाने निवडून आलेले असतात.

रकाने मांडून झाले की मतदारसंघांच्या सीमा कोण आखतं एवढं पाहून घ्या. सत्ताधारीच आखत असतील तर नकाशा जपून वाचावा. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात आखलेला एक मतदारसंघ वर्तमानपत्रवाल्यांना सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसला आणि त्यातून ‘गेरीमँडरिंग’ हा शब्द कायमचा चिकटला.

पायरी ३ : मतपत्रिकेवर ही नावं आली कुठून?

मतदार उमेदवार निवडतो हे खरं, पण कोणाकोणांतून निवडायचं ते आधीच ठरलेलं असतं. ठरवतो तो पक्ष. म्हणून पक्षाकडे बघताना झेंडा आणि घोषणा बाजूला ठेवा आणि त्याची तीन कामं बघा.

पहिलं काम तिकीट देण्याचं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला प्राथमिक निवडणूक होते आणि तिथे सामान्य मतदार मत देतात. बऱ्याच देशांत हा निर्णय पक्षाचे सभासद किंवा स्थानिक समित्या घेतात. भारतात तो बहुतांशी नेतृत्व घेतं आणि पक्षाच्या सहीचा, अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो यावर सगळं थांबतं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी त्या कागदासाठी काय काय होतं ते कार्यकर्त्यांना विचारा. जिथे एकाच पक्षाचा बालेकिल्ला आहे तिथे तर तिकीटवाटप हीच खरी निवडणूक असते, मतदान म्हणजे नुसतं शिक्कामोर्तब. तुम्ही निवडलेल्या निवडणुकीत तिकिटं कोणी, किती जणांनी मिळून दिली हे वहीत लिहा. हा एक आकडा पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा जास्त बोलतो.

दुसरं काम गाठोडं बांधण्याचं. कर, शिक्षण, परराष्ट्र धोरण, पाणी, धर्म, पगार : शेकडो प्रश्न असतात आणि मतदाराच्या हाती मत एकच. पक्ष त्या प्रश्नांची गाठोडी बांधून देतो. याच्या गाठोड्यातलं शिक्षण आणि त्याच्या गाठोड्यातला कर अशी निवड करता येत नाही. म्हणून ‘अमुक पक्ष जिंकला म्हणजे लोकांना त्याचं अमुक धोरण मान्य आहे’ हे वाक्य ऐकलं की थबकायचं. कोणी ते गाठोडं एका वस्तूसाठी उचललं असेल, कोणी दुसऱ्याचं नको म्हणून.

तिसरं काम निवडून आलेल्यांना एका रांगेत ठेवण्याचं. यासाठी पक्षादेश, म्हणजे व्हिप, असतो. ब्रिटनमध्ये व्हिप मोडणाऱ्या खासदाराला पक्ष बाहेर काढू शकतो, पण त्याची जागा जात नाही. भारतात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली तेव्हापासून व्हिप मोडला तर सदस्यत्वच जाऊ शकतं. म्हणजे सभागृहात तुमचा प्रतिनिधी तुमच्या मतदारसंघाचं किती आणि पक्षाचं किती ऐकेल, हे त्याच्या स्वभावाइतकंच त्या देशाच्या कायद्यावर ठरतं. फुटीच्या कहाण्या आपण चवीने ऐकतो. त्या मागचं कलम वाचलं तर अर्ध्या कहाण्या आपोआप उलगडतात.

आता पायरी १ आणि ३ यांची गाठ मारा. मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५० च्या दशकात एक निरीक्षण मांडलं : ‘सर्वाधिक मतांचा विजेता’ हा नियम हळूहळू दोनच मोठ्या पक्षांकडे ढकलतो, तर प्रमाणशीर पद्धतीत अनेक पक्ष तग धरतात. कारण साधं आहे. तिसऱ्याला दिलेलं मत फुकट जाईल ही भीती. या निरीक्षणाला अपवाद आहेत, भारत हाच मोठा अपवाद. पण मतदारसंघाच्या पातळीवर उतरून पाहिलं तर इथेही अनेक ठिकाणी खरी झुंज दोघांतच असते. राज्यागणिक ती जोडी वेगळी असल्यामुळे दिल्लीत पक्षांची गर्दी दिसते.

मतं फुटली तर काय होतं याचा धडा २००२ च्या फ्रान्सइतका ठसठशीत क्वचितच मिळतो. अध्यक्षपदासाठी सोळा उमेदवार उभे होते. डाव्यांची मतं इतक्या ठिकाणी वाटली गेली की त्यांचे प्रमुख उमेदवार आणि तेव्हाचे पंतप्रधान लिओनेल जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर अडकले. कट्टर उजवे ज्याँ-मारी ल पेन १६.८६ टक्के घेऊन दुसऱ्या फेरीत गेले. तिथे जाक शिराक यांनी ८२ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन त्यांना हरवलं. पहिल्या फेरीनंतर ‘फ्रान्स उजवीकडे झुकला’ अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात त्या फेरीने जेवढं मतदारांचं मन दाखवलं तेवढंच उमेदवारांचं गणित चुकल्याचंही दाखवलं.

याच जोडीने आघाडीकडे बघा. पहिल्या घराण्यात देवाणघेवाण बहुधा मतदानाआधी होते, तिला जागावाटप म्हणतात, आणि मतदाराला निदान ती दिसते. प्रमाणशीर पद्धतीत ती मतदानानंतर होते. बेल्जियममध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर नवं सरकार बसायला ५४१ दिवस लागले.

पायरी ४ : कोण आलं नाही ते मोजा

ही पायरी छोटी आहे, पण लोक हटकून गाळतात. ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा का, या २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी ‘सोडा’ म्हटलं. मतदान झालं ७२.२ टक्के. गुणाकार केला की नोंदणी झालेल्या मतदारांपैकी साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास लोक निघतात. म्हणून तो निकाल खोटा ठरत नाही. पण ‘देशाने सांगितलं’ या वाक्यातला देश केवढा, ते कळतं.

न येणारे सगळीकडून सारखेच गळत नाहीत. तरुण, भाड्याने राहणारे, वारंवार घर बदलणारे, कमी उत्पन्नाचे लोक अनेक देशांत जास्त गळतात, आणि मग पक्षही त्यांच्या प्रश्नांवर कमी वेळ घालवतात. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये मतदान साठ टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. १९२४ मध्ये मतदान सक्तीचं केलं आणि १९२५ च्या निवडणुकीत ते नव्वदच्या वर पोचलं. सक्ती असलेल्या देशात ‘आपल्या लोकांना बाहेर काढणं’ या कामावर पक्षाला एवढी शक्ती खर्चावी लागत नाही. सक्ती नसलेल्या देशात बूथवरच्या कार्यकर्त्याची यादी भाषणापेक्षा भारी पडू शकते.

पायरी ५ : चाचणीला प्रतिप्रश्न करा

इथून जमीन भुसभुशीत व्हायला लागते.

जनमत चाचणीचं तत्त्व आपल्याकडे म्हणीत बसलेलं आहे : शितावरून भाताची परीक्षा. भात नीट ढवळलेला असेल तर एक शीत पुरतं. पातेलं केवढं याने फरक पडत नाही. म्हणून हजार माणसांची निवड खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी, असेल तर लहान देश असो की मोठा, अंदाज साधारण तीन टक्के इकडेतिकडे असण्याची शक्यता शंभरात पंच्याण्णव. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट, म्हणजे चार हजार, लागतात. त्यामुळे ‘आमच्या चाचणीत लाखभर लोक’ ही जाहिरात ऐकून हुरळू नका. शीत कुठून उचललं ते विचारा.

याचा धडा १९३६ सालचा आहे. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या, तेवीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून रिपब्लिकन आल्फ लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार असं त्यांनी छापलं. जिंकले फ्रँकलिन रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. मंदीच्या काळात त्या याद्यांत कोण असणार? शिवाय ज्यांनी कष्ट घेऊन पत्रिका परत पाठवली ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. चाचणीकार जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुना घेऊन विजेता बरोबर सांगितला. पण गॅलपही १९४८ मध्ये आपटले : मतदानाच्या कितीतरी आधी चाचण्या थांबवल्या आणि शेवटच्या दिवसांत लोक तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन यांच्याकडे सरकले ते दिसलंच नाही. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने प्रतिस्पर्धी उमेदवार ड्यूईने ट्रूमनला हरवल्याचा मथळा छापूनही टाकला, आणि तो अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचं छायाचित्र राहिलं.

चाचणी समोर आली की पाच गोष्टी बघायच्या : किती जणांना विचारलं, कसं निवडलं, कोणत्या तारखांना विचारलं, पैसे कोणी दिले, आणि प्रश्नाचे नेमके शब्द काय होते. पाचवी गोष्ट बहुधा छापलेली नसते आणि तीच सर्वांत मोलाची. अमेरिकेत १९४० च्या सुमारास एक प्रयोग झाला. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी देऊ नये’ म्हणणारे बरेच निघाले. त्याच भाषणांवर ‘बंदी घालावी’ म्हणणारे त्यापेक्षा चांगलेच कमी. अर्थ तोच, शब्द वेगळा. म्हणून चाचणीतलं ‘जनमत’ हे अर्धं लोकांचं आणि अर्धं प्रश्न लिहिणाऱ्याचं असतं असं मी धरून चालतो. एखाद्या विषयावर ज्यांनी कधी विचारच केलेला नाही तेही विचारल्यावर काहीतरी उत्तर देतात, आणि ते उत्तर टक्केवारीत ठरलेल्या मतांच्याच मापाने मोजलं जातं.

दोन सापळे वारंवार लागतात. एक, आघाडीचा : ‘अ’ ४४ आणि ‘ब’ ४१ असेल आणि चूक तीन टक्क्यांची असेल तर ‘अ’ पुढे आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण दोघांतल्या फरकावरची चूक एकेकट्या आकड्यावरच्या चुकीच्या जवळपास दुप्पट असते. दोन, उपगटाचा : हजारांतल्या तरुण स्त्रिया शंभरच असतील तर त्यांच्याविषयीचा आकडा दहा टक्क्यांनी हलू शकतो, पण मथळा त्यावरच होतो.

एक्झिट पोलमध्ये आणखी एक जास्तीची उडी असते. भारतात मतांचा अंदाज बांधून तो जागांत बदलावा लागतो, आणि पायरी २ मधला सगळा गुंता इथे परत येतो. मतांत दोन टक्क्यांची चूक जागांत पन्नासांची होऊ शकते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या; मिळाल्या २९३.

पायरी ६ : बातमी शेवटी वाचा

आता टीव्ही लावायला हरकत नाही.

माध्यमं लोकांची मतं सरळ बदलतात, ही समजूत सोपी आणि बऱ्याच अंशी चुकीची आहे. ठाम मत असलेला माणूस विरोधी वाहिनी बघून क्वचितच पलटतो. माध्यमांची ताकद दुसरीकडे असते : कशावर विचार करायचा ते ठरवण्यात. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या शंभर अनिश्चित मतदारांना देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न विचारले आणि त्यांची यादी बातम्यांतल्या प्रश्नांच्या यादीशी ताडून पाहिली. दोन्ही याद्यांचा क्रम जवळजवळ जुळला. आठवडाभर सगळीकडे सुरक्षेच्याच बातम्या असतील तर मतदार नेत्यांना सुरक्षेच्या फूटपट्टीने मोजतो. बेरोजगारीच्या असतील तर त्या फूटपट्टीने. नेता तोच, फूटपट्टी बदलली. पक्षांचे प्रवक्ते एकमेकांना उत्तरं कमी देतात आणि विषय जास्त बदलतात, ते यामुळेच.

म्हणून सराव असा करा. सलग सात दिवस एका वृत्तपत्राचं पहिलं पान आणि एका वाहिनीचा रात्रीचा चर्चाविषय वहीत एकेका शब्दात लिहा. मत लिहू नका, फक्त विषय. आठव्या दिवशी बघा, कोणता विषय किती वेळा आला आणि कोणता एकदाही आला नाही. मग पुढारी काय बोलले यापेक्षा ‘कोण पुढे, कोण मागे’ यावर किती बातम्या होत्या तेही मोजा. शर्यतीच्या बातम्या स्वस्तात होतात, रोज नव्या होतात आणि कोणाला फारशा दुखावत नाहीत. धोरणाची बातमी करायला वार्ताहराला वेळ आणि मालकाला धीर लागतो. वाहिनीचा मालक कोण, जाहिराती कोणाच्या, सरकारी जाहिरातींचा वाटा किती, ही माहिती मिळाली तर त्याच पानावर टिपा.

मोबाइलवरच्या बातम्यांना हा सराव नीट लागू पडत नाही, कारण तुमचं पहिलं पान आणि शेजाऱ्याचं पहिलं पान एक नसतं. तिथे दुसरा उपाय : जिचं राजकारण तुमच्या उलट आहे अशा एका ओळखीच्या व्यक्तीला तिचा फोन दाखवायला सांगा, आणि आपलाही दाखवा. वाद घालू नका, फक्त बघा. अवघडल्यासारखं होतं, पण शंभर लेखांनी कळणार नाही ते दहा मिनिटांत कळतं. पुढे ढकललेल्या संदेशात आकडा असेल तर त्याला पायरी ५ मधले पाच प्रश्न लावा. बहुतेक संदेश पहिल्याच प्रश्नाला गळपटतात.

माध्यमांबद्दलच्या आख्यायिकाही तपासून घ्याव्यात. २६ सप्टेंबर १९६० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची टीव्हीवर वादफेरी झाली. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट तुम्ही नक्की ऐकाल. तिचा आधार आहे एक लहानसं सर्वेक्षण, आणि रेडिओ ऐकणारे नि टीव्ही बघणारे हे मुळातच वेगळ्या भागांतले, वेगळा राजकीय कल असलेले लोक असू शकतात हे त्यात धरलेलं नाही. गोष्ट इतकी झोकात सांगता येते की आकडा कोणी मागत नाही.

एक शेवटचं. एलिझाबेथ नॉएले-नॉयमान या जर्मन अभ्यासिकेने १९७४ मध्ये मांडलेलं म्हणणं असं : आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो, तो गप्प बसला की ते मत आणखी लहान दिसतं, मग आणखी माणसं गप्प होतात. ‘हवा’ अशी तयार होते. सगळे अभ्यासक हे जसंच्या तसं मान्य करत नाहीत, पण निवडणुकीच्या काळात गप्पांत कोण बोलायचं थांबलं इकडे लक्ष ठेवायला त्याने शिकवलं. हवा आणि मतपेटी यांच्यात अंतर पडतं ते बऱ्याचदा याच गप्प माणसांमुळे.

पायरी ७ : दोन निवडणुकांच्या मधला काळ

मत देऊन झालं की जनमताचं काम संपत नाही. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८७ ची निवडणूक शंभराहून जास्त जागांच्या बहुमताने जिंकली. मग त्यांनी माणशी सारखाच स्थानिक कर आणला, आधी स्कॉटलंडमध्ये १९८९ साली, नंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० साली. लोकांनी तो भरायला नकार दिला, मार्च १९९० मध्ये लंडनमध्ये दंगल झाली, चाचण्यांत पक्ष घसरला. शेवटी त्यांना हटवलं ते मतदारांनी नव्हे, पुढची निवडणूक हातून जाईल या धास्तीने त्यांच्याच खासदारांनी, नोव्हेंबर १९९० मध्ये. भारतात २०२० चे तीन कृषी कायदे स्पष्ट बहुमताच्या सरकारने केले होते, आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घेतले.

दोन्ही ठिकाणी आकडा संसदेत पुरेसा होता. तरीही माघार झाली, कारण सरकार मागच्या निवडणुकीकडे बघून चालत नाही, पुढचीकडे बघतं. म्हणून या काळात बघायचं ते हे : कोणाचं मत संघटित आहे, आणि ते किती काळ टिकणार आहे. विखुरलेल्या दहा लाखांच्या नाराजीपेक्षा ठाण मांडून बसलेल्या दहा हजारांची दखल आधी घेतली जाते. हे बरोबर आहे की चूक, यावर वाद होऊ शकतो, होतं असंच.

आता सरावाची जुनी निवडणूक बाजूला ठेवा आणि येणारी एक निवडा. मतदानाच्या आदल्या दिवशी वहीत तुमचा अंदाज लिहा : मतांची टक्केवारी वेगळी, जागा वेगळ्या, मतदान किती टक्के होईल ते वेगळं. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहा. मग पान दुमडून पिन लावा आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत उघडू नका. निकालानंतर आधी कारणं तपासा, आकडे नंतर. आकडा बरोबर आला आणि कारण साफ चुकलं, असं पहिल्या दोन-तीन वेळा तरी होईल. ती पानं जपून ठेवा, पुढच्या वेळी त्यांचाच उपयोग जास्त होतो.